गवार अन् पोर्तुगीजची परीक्षा

चहा थंड होऊ द्या, पहिले आमच्या घरची गंमत ऐका. माही पोरगी वर्षा पोर्तुगीज शिकते. कॉम्प्युटरवरची तोंडी परीक्षा पास झाली, तरच परदेशातल्या कॉलेजात जागा. अन् एका लांबलचक क्रियापदावर तिची जीभ अडकायची. मी म्हटलं, "अख्खं काहून गिळतं? शेंगेसारखं मोड." मंग मी रोज गवार मोडायची अन् ती एकेका 'कट'वर म्हणायची, "फा-लार-ल्ये-ई-आ-मुश."

परीक्षेच्या दिवशी मी गवारीचं ताट घेऊन टेबलाखालीच बसली. कट, कट. पडद्यावरच्या बाईले शक आला, कोणीतरी उत्तर सांगून राहिलं. तिनं खोली दाखवायले लावली. मी ताटासकट उठली. "कॉपी नाही बाई, भाजी करून राहिली!"

वर्षानं तिले सारं समजावलं. बाई हसली, पण म्हणे, "आता आईशिवाय म्हण."

मी ताट ठेवलं. मंग तिनं टेबलाखाली एकेक बोट मोडलं, कट, कट, अन् अख्खा शब्द सरळ बाहेर!

पास झाली. जठारपेठेतली शेजारीण म्हणे, "परदेशात एकटी घाबरन नं वं पोरगी?"

म्हटलं, "टेबलाखालून माय उठल्यावरही जिनं बोटं मोडून परीक्षा दिली, तिले आता कोणाचं भेव?"