पातेल्याला भोक

दीपश्री : वैनी, पाणी ओतायचं थांबवा. खालून ठिबकतंय.

मनीषा : कुठं? अगं बाई! काल एवढं जपून बसवलं मी.

कृष्णाबाई : मी म्हटलंच होतं. चांगलं तीस लिटरचं पातेलं, त्याला भोक पाडून विजेची कांडी घालायची! कुणी सांगितलं होतं?

दीपश्री : आई, भोकाचा दोष नाही. कडा मी स्वतः घासल्यात, बोट फिरवून बघ. गळतंय ते वॉशरपाशी. हा बघा वैनी, नटाखालून जीभ काढल्यासारखा बाहेर आलाय.

मनीषा : पण गुरुप्रसाद अण्णांनी फोनवर सांगितलं, तस्संच केलं मी.

दीपश्री : ते बेलूरला कारखान्यात रोज टाक्या जोडतात, चुकीचं नाही सांगणार. नेमकं काय म्हणाले?

मनीषा : "भाळ बिगि माडब्याडरी."

दीपश्री : बरोबर की. मग?

मनीषा : मग काय, बिगीबिगी नाहीच केलं. निवांत बसले, पाना घेतला आणि सावकाश एकेक फेरा, पार फिरेना होईपर्यंत आवळलं.

कृष्णाबाई : अय्यो देवा!

मनीषा : हसताय काय दोघी?

दीपश्री : वैनी, तुमच्या फलटणला बिगीबिगी म्हणजे भराभर. इथं कन्नडात बिगि म्हणजे घट्ट! फार घट्ट करू नका, म्हणाले ते.

मनीषा : म्हणजे नको म्हटलेलं तेवढंच मी मन लावून केलं!

कृष्णाबाई : तरीच! परवा शिंप्याकडं मी म्हटलं, ब्लाउज बिगि झालाय. तर ही म्हणे, बरं झालं आई, लवकर झाला.

दीपश्री : आई, पुरे. पोट दुखायला लागलं.

कृष्णाबाई : पुरेच. सोमवारी तू नोकरीला बेंगळूरला जाणार. तुझ्यामागं ही वायर आणि तुझी ती बिअर कोण बघणार?

दीपश्री : आल्याची बिअर, आई. नुसतं आलं, गूळ आणि फेस.

कृष्णाबाई : हळू बोल! आपल्या केशवापुरात ऐकणाऱ्याला आलं ऐकू येत नाही, बिअर तेवढी ऐकू येते. पातेलं मला परत द्या. भोक बुजवून दुधाला घेते.

मनीषा : आई, मी बघणार. दीपूताई गेल्यावर उकळायचं, आंबवायचं, बाटल्या भरायच्या, सगळं मीच करणार. तुमच्या घरात सगळी कामं आधीच कुणाची तरी आहेत. एक तरी मला माझं हवंय.

कृष्णाबाई : मग बसव आत्ता, माझ्यासमोर. गळलं, तर पातेलं माझं.

दीपश्री : द्या वैनी, पाना इकडं. मी पटकन...

मनीषा : नको. तुम्ही फक्त सांगा. पाणी काढलं. जुना वॉशर टाकला. नवा हा.

दीपश्री : आधी भोकाभोवतीची वॉशरची बैठक कोरडी पुसा. आता नट नुसत्या हातानं, थांबेपर्यंत. मग पान्यानं पाव फेरा.

मनीषा : पावच का?

दीपश्री : रबर थोडं दाबलं की फट भरून काढतं. जास्त दाबलं की फटीतून पळ काढतं.

मनीषा : कळलं. झाला पाव फेरा. अर्थिंगची तार पातेल्याला लावली. पाणी कांडीच्या वर चार बोटं, नाहीतर कोरडी तापून जळेल. बरोबर?

दीपश्री : हे मी कधी सांगितलं तुम्हाला?

मनीषा : कुणी झोपेत बोलतं, तुम्ही वायर जोडताना स्वतःशी बोलता. मी ऐकते.

(पातेल्याखाली वर्तमानपत्र पसरलं आहे. तिघींचा चहा होतो. मनीषाचा कप तसाच निवतो. तिची नजर नटावरून हलत नाही.)

कृष्णाबाई : सरक, मला हात लावून बघू दे. ... कागद कोरडा आहे.

दीपश्री : थंड पाण्याला टिकलं. आता उकळीला टिकतं का बघायचं. व्हा बाजूला, मी बटण दाबते.

कृष्णाबाई : तू कशाला? पातेलं तिचं आहे.