साडेतीन वाजता, दारात

थोरली : ...म्हणून मैत्रिणींनी पैजच लावली, घरी विचारून दाखव! बाबा, रागवायचं नाही हं. बेकरीतून आल्यावर तुम्ही आंघोळ न करताच ठकीला उचलता ना?

बाबा : हा काय प्रश्न झाला? पोटच्या पोरीला उचलायला आता तुझ्या मैत्रिणींची परवानगी काढू?

आई : हळू बोला, आत्ताच डोळा लागलाय तिचा. आणि तू गं, दवाखान्यासाठी मी रजा काढली, त्याच दिवशी कसल्या पैजा सुचतात तुला? सकाळी डॉक्टर काय म्हणाले, ऐकलंस ना?

थोरली : ऐकलं म्हणूनच तर! हिमोग्लोबिन सात. तीन महिन्यांपूर्वीही सातच. याहून उतरलं तर रक्त चढवायचं. लोहाचे थेंब रोज देतो, दूध बंद, गव्हानं तिचं आतडं सुजतं म्हणून गहू बंद, तरी पोट बरं होत नाही. म्हणून तर डॉक्टर विचारत होते, गहू कुठून तरी पोटात जातोय का.

आई : मलाच विचारलं, तीन-तीनदा. जसं काही मीच चोरून बिस्किटं भरवते. दोन वर्षांची पोर, चार पावलं चालली की बसते, भिंतीचे पोपडे काढून खाते. डबे बदलले, भांडी बदलली, माझ्या ताटातला गहूसुद्धा बंद केला. आणखी काय करू मी?

थोरली : तू नाही गं, आई.

बाबा : मग मी का? वकिलीणबाई, पावाचा तुकडासुद्धा कधी दिला नाही मी तिला.

थोरली : तुकडा नाही, पीठ. केसांत, भुवयांत, सगळीकडे! शाळेवरून जाता तेव्हा मैत्रिणी म्हणतात, बघ, तुझं भूत चाललं. बाबा, तुमच्या खांद्यावर झोपताना ठकी काय चोखते?

बाबा : कॉलर. सवयच आहे तिची. दुसऱ्या कुणाची नाही हं चोखत, फक्त माझी.



आई : रोज घासते मी ती कॉलर. पीठ भिजून वाळलेलं असतं, ब्रशनं खरवडून काढावं लागतं. एकदाही डोक्यात आलं नाही माझ्या. आणि तुम्ही कुठं उचलता तिला? मीच देते. साडेतीनला तुम्ही दारात आणि कारखान्याची बस गाठायला मी दाराबाहेर. चपला सरकवता सरकवता मीच टाकते तिला तुमच्या अंगावर.

बाबा : दिवसभरात तेवढंच पळते गं ती. मी आलो की. मला वाटायचं, माझ्याकडे आली की बरं वाटतं तिला.

आई : असं काही मनात आणू नका.

थोरली : अजून नक्की कुठंय, बाबा? उद्या डॉक्टरांना विचारू. पण तोवर तरी...

बाबा : बेकरीच सोडतो.

आई : आणि करणार काय? वीस वर्षं भट्टीपुढे गेली. तिथंच धुऊन, कपडे बदलून या ना.

बाबा : बारा माणसांत एक नळ. केसांतलं पीठ तिथं निघतंय होय! घरी आल्या आल्या आंघोळ करीन मी. पण तेवढा वेळ तिला कोण घेणार? तू थांबलीस तर तुझी बस जाते.

थोरली : मी घेईन.

आई : तुझा सराव असतो ना पाचपर्यंत? आत्ता कुठं रिलेच्या संघात घेतलंय. चार दिवस घर डोक्यावर घेतलं होतंस.

थोरली : उद्या बाईंना सांगते, माझ्या जागी दुसरी घ्या. नको म्हणू नकोस, आई. रडायचं ते रडून आलेय मी शाळेतच.

बाबा : अगं, पण ती राहायची नाही तुझ्याकडे. मला बघितलं की हातच पुढे करते.

थोरली : माहितीये. किंचाळेल, चावेलसुद्धा मला. मी धरून ठेवीन. तुम्ही फक्त तिच्याकडे न बघता सरळ न्हाणीघरात जायचं, बाबा. ठरलंय माझं.