खालच्या बाईंची शेवंती

— नाही हो दादा, घाई म्हणजे अशी घाई, की काल रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही माझ्या, आणि कशापायी, तर हा गॅलरीतला बल्ब गेला म्हणून. हसा, हसा. नवराही हसला. तो तर खूशच होता, किती दिवसांनी खोलीत अंधार पडला म्हणाला, कूस बदलली आणि घोरायला लागला. एरवी डोळ्यांवर पंचा टाकून झोपतो बिचारा, विचारतो, तू गॅलरीत विमान उतरवणार आहेस का. आणि मी आपली पंख्याकडे बघत पडलेली — आता खाली काय चाललं असेल, आता खाली काय होत असेल. चोर? छे, चोरांचं काय घेऊन बसलात, चोर आमच्याकडे येऊन काय नेणार, दोन टोमॅटो? सगळ्यांना मी चोरांचंच कारण सांगते, ते सोडा. शिडी नीट टेकली आहे ना? आणि त्या कुंडीच्या काठावर पाय नका देऊ, घेवड्याचा शेवटचा वेल आहे तो, कसाबसा तग धरून आहे, माझ्यासारखा.

नाही, तो हालचाल झाली की लागणारा दिवा नको मला. दुकानदारानं दाखवला होता, वीज वाचते म्हणाला. मला नाही वाचवायची. दिवेलागणीला लागला पाहिजे आणि उजाडेपर्यंत जळला पाहिजे, मध्ये डोळा मिटता कामा नये त्यानं. आणि तोंड असं समोर नको — खाली करा. अजून खाली. तो कठड्यापलीकडे वाफा दिसतोय का, हिरवागार, कमरेएवढा? त्याच्यावर. बरोबर मधोमध. शेवंती आहे ती, खालच्या बाईंची. बघा कशी माजली आहे. पानं तळहाताएवढी, खोडं बोटाएवढी, आणि कळी? औषधाला नाही. आता गल्लीतल्या झाडून सगळ्या शेवंत्यांना कळ्या लागल्यात. दिवस आखडले, पहाटे गारवा असतो, माझ्या टोमॅटोंनी माना टाकल्या, काकडीच्या वेलावर भुरी चढली — आणि ह्यांची शेवंती अजून भर उन्हाळा समजून पानावर पान काढत बसली आहे. का? कारण उन्हाळा सरला हे तिला कुणी कळूच दिलं नाही. शेवंती थंडीवर नाही चालत दादा, ती रात्रीवर चालते. रात्र लांबली, सलग अंधार मिळाला, की तिला वाटतं, चला, आता फुलायचं. आणि रात्रच मिळू दिली नाही तर? तर बसते आपली वाट बघत. वनस्पतीशास्त्र शिकले आहे मी, फर्स्ट क्लासमध्ये पास झाले होते. आई नेहमी विचारायची, ह्या शिक्षणाचा संसारात उपयोग काय. हा बघा उपयोग, साठ वॅटचा. आता एका रात्रीच्या अंधारानं काही बिघडत नाही, हेही त्याच पुस्तकात शिकले आहे. पण मन काही पुस्तक वाचत नाही ना.

काय केलं त्यांनी, म्हणताय? तुम्हाला मुलं आहेत? मग ऐका आणि तुम्हीच सांगा. आमची एक मुलगी, घरात तिला मैना म्हणतो, कारण चोच कधी मिटायचीच नाही. दाराची बेल वाजली की बेलच्याच सुरात 'कोण आहे' म्हणायची. धुण्याचं मशीन घुमायला लागलं की त्याच्यासमोर मांडी घालून त्याच्याबरोबर घुमायची, आणि मशीन थांबलं की टाळ्या वाजवायची, ते बिचारं छान गायलं म्हणून. खालच्या बाई तिच्याच शाळेत संगीत शिकवतात. उन्हाळा सुरू व्हायच्या आधी शाळेत समूहगान झालं. मी पहिल्या रांगेत, हातात फोन धरून. मुलगी काय सुंदर तोंड उघडतेय, मान डोलावतेय. मी रडलेसुद्धा थोडी, आयांचं काही खरं नसतं. घरी येऊन ते रेकॉर्डिंग पुन्हा लावलं. मला कान आहे दादा, गर्दीतून एकेक आवाज वेगळा काढता येतो मला. शेजारच्या दात पडलेल्या मुलाचा मिळाला, मागच्या लठ्ठ मुलीचा मिळाला — हिचा काही मिळेना. म्हटलं, मैने, तुझा आवाज कुठाय गं ह्याच्यात? तर म्हणते कशी, मला बाईंनी सांगितलंय, तू नुसते ओठ हलव, तुझ्यामुळे बाकीचे चुकतात. असं शांतपणे म्हणाली, जसं काही तिला एक कामच नेमून दिलं होतं आणि तिनं ते चोख केलं होतं.

तेव्हापासून बंद. एकदम बंद. आता बेल वाजली की गुपचूप उठते आणि दार उघडते. मशीन एकटंच घुमतं. मी मुद्दाम रेडिओ लावते, मुद्दाम भाज्या चिरताना गुणगुणते, एखादी ओळ अर्धी सोडून देते, की राहवणार नाही तिला, पुरी करेल — ती ओळ तशीच लोंबकळत राहते घरभर. आणि मग मी खाली त्या वाफ्याकडे बघते. उन्हाळ्याच्या शेवटी बाई तिथे रोज गुडघ्यांवर बसून शेंडे खुडत होत्या, म्हणजे फुटवे जास्त येतात, फुलं जास्त येतात. कुठलीतरी चाल गुणगुणत खुडत होत्या. वरून बघताना माझ्या मनात आलं, तुम्ही माझ्या पोरीचा शेंडा खुडलात, आणि तिथून काही फुटलं नाही. त्याच संध्याकाळी मी दिवा बदलला. आधी इथे एक मिणमिणता पिवळा होता.

जाऊन भांडायचं होतं? अहो उतरले होते की जिना. त्यांच्या दारापर्यंत गेले, काय बोलायचं ते घोकून. आत पियानो चालू होता. आणि इथेच माझं नशीब फुटकं — फार सुंदर वाजवतात हो. शत्रू बेसूर असता तर किती सोपं झालं असतं सगळं. मी आपली दाराबाहेर उभी, हात बेलवर, आणि ते संपायची वाट बघतेय, मध्येच बेल कशी वाजवायची म्हणून. म्हणजे बघा, भांडायला गेलेली बाई दाद देऊन परत आली. रोज संध्याकाळी वाजवतात आणि रोज मी इथे खुर्ची घेऊन बसते. वाजवून झालं, की उठून त्यांच्या शेवंतीवर दिवा लावते. नवरा म्हणतो तुला डॉक्टरची गरज आहे. असेलही.

आणि खरं सांगू? बेल न वाजवण्याचं कारण नुसता पियानो नव्हता. मला भीती होती. भीती कसली — त्या म्हणाल्या असत्या, बसा, चहा घ्या, आणि तुम्हाला तर कान आहे, तुम्हीच सांगा तुमची मुलगी सुरात गाते का. मग मी काय सांगितलं असतं? ती... ती जरा खाली लागते, दादा. थोडंसंच. केसभर. मशीनच्या सुरातसुद्धा केसभर खालीच लागायची. मला माहीत होतं. पण मी कधी बोलले नाही, कधीच नाही, चेहऱ्यावरची रेषसुद्धा हलू दिली नाही मी. सहा वर्षांचं पोर, सूर काय पळून चाललाय? आज ना उद्या चढला असता. आणि नसता चढला तर नसता चढला, कुणाच्या घरचं छप्पर कोसळणार होतं? — हे मी तुम्हाला कशाला सांगतेय. नवऱ्यालाही नाही सांगितलेलं. तुम्ही तो स्क्रू आवळा. कुठे बोलू नका म्हणजे झालं.

मागच्या आठवड्यात तर गंमतच झाली. बाई स्वतःच वर आल्या. ह्या इथे उभ्या राहिल्या, तुमची शिडी आहे तिथे. म्हणाल्या, तुम्ही झाडांचं शिकलेल्या आहात असं ऐकलं, जरा सांगाल का, यंदा माझ्या शेवंतीला काय झालं? शरदातला कार्यक्रम जवळ आलाय ना शाळेत. दरवर्षी रंगमंचाच्या कडेनं ह्यांचीच शेवंती असते, पिवळी, तांबूस, एक ती वाईनच्या रंगाची. पडदा उघडला की लोक आधी फुलांसाठी टाळ्या वाजवतात आणि मग मुलांसाठी. मी काय केलं? मी अगदी डॉक्टरीणबाईंसारखा चेहरा केला. म्हटलं, पाणी जास्त होतंय का? खत बदलून बघा. राख घाला. एकदा तर म्हटलं, झाडांनाही मूड असतो. त्या प्रत्येक वाक्याला मान हलवत होत्या. मान हलवून झाल्यावर जाताना काय म्हणाल्या माहितीय? म्हणाल्या, तुमच्या ह्या दिव्याचा मला फार आधार आहे हो, हल्ली संध्याकाळनंतर पायऱ्या दिसत नाहीत मला, तुम्ही माझ्यासाठी लावता असं समजते मी. — तुमच्यासाठीच, म्हटलं. खोटं नाही बोलले.

नाही, कणव नाही आली. म्हणजे आली, जिन्यावर त्यांची पावलं वाजत होती तेवढा वेळ आली. मग मैना आतून पाणी प्यायला आली, पेला भरला, प्यायली, पेला ठेवला, आणि एवढ्या सगळ्यात घशातून एक आवाज नाही. संपली कणव. राहू दे यंदा तो रंगमंच ओसाड. उभं राहू दे त्यांना सगळ्यांसमोर, आणि लोक विचारतील, बाई, यंदा फुलं कुठायत, आणि त्यांना उत्तर सुचू नये. नुसते ओठ हलू देत. तेवढं बघितलं की मी दिवा काढून टाकीन, शप्पथ. तुम्हालाच बोलावीन काढायला.

मैना? ती नाहीये यंदा गाण्यात, तिनं नावच दिलं नाही. शाळेतून आली की दप्तर टाकते आणि खाली जाते, वाफ्याशी बसून असते मातीत. आधी मला वाटलं, हिला तरी त्या बाईंच्या वाफ्याशी कशाला जायला हवं. मग म्हटलं, बसू दे, माझं कामच झालं. वर आली की मी विचारते, काय गं, कळी दिसली का? ती मान हलवते. नाही. मी म्हणते, छान. कधी कधी खाऊसुद्धा देते. तशी ती खाऊन टाकत नाही लगेच, हातात धरून बसते. सूड कळायचं वय नाही हो तिचं, पण पोटच्या पोरीला कुठेतरी आत समजत असेल, की आई आपल्या बाजूनं उभी आहे. निदान मला तसं वाटतं. मला सगळंच वाटतं म्हणा.

हां, लागला. वा. दिवसासुद्धा डोळ्यांवर येतोय. जरा डावीकडे — बास. बास. त्या कोपऱ्यातल्या झाडावर पडतोय ना? ते कोपऱ्यातलं चलाख आहे, त्याला थोडी जरी सावली मिळाली तर दगा देईल.

बघा, आलीच ही. मैने, चपला बाहेर, हात धू आधी, नखांत बघ किती माती. हे दिवा लावणारे काका. काय, आज तरी दिसली का एखादी कळी? — बघा, मान हलवली. नाही म्हणते. शाब्बास माझी — तिला काय विचारताय दादा? गाणं? अहो नका विचारू, मघापासून काय सांगतेय मी, ती नाही गात आता. बरं, विचारलंच आहे तर तिच्याच तोंडून ऐका, म्हणजे मी उगाच तिखटमीठ लावते असं नको. सांग गं काकांना. लाजू नकोस. मी शिडी धरली आहे, तुम्ही वरचं झाकण बसवा. हं, सांग, तू का गात नाहीस?

"मी गाते. रोज गाते, खाली, शेवंतीजवळ, हळूच. बाई वर्गात म्हणाल्या होत्या, झाडांना गाणं आवडलं की ती फुलतात. सगळ्यांकडे कळ्या आल्या, आई. मी गाते तिथेच नाही आल्या. माझ्यामुळेच ना?"