फाटकाच्या बदल्यात

बहीण : सही कर म्हणतेय दादा, किडनी नाही मागत!

दादा : आवाज खाली. शेजारी ऐकतात. "मी ही मोटारसायकल विकली" असं छापलंय या फॉर्मवर. मी विकली कधी? तुला वापरायला दिली होती.

बहीण : वापरायला? कोंबड्या अंडी घालायच्या तिच्या सीटवर! इंजिन जाम, टाकीला भोक, चेसिसला तडा. ते धूड तू मला वापरायला दिलंस?

दादा : आता पळते ना? म्हणजे मूळ गाडीत दम होता.

बहीण : दम माझ्या हातात होता. सहा महिने एक सुटी घेतली नाही मी. स्वतः वेल्डिंग केलं, स्वतः इंजिन उघडलं. आणि परवा नाक्यावर पोलीस चारचौघांत विचारतो, "बाई, चोरीची का?" गाडी ठाण्यात अडकलीय. वेल्डिंग मशीन मागे बांधून मी कामावर जाते, दादा. तीन गिऱ्हाईकं गेली या दोन दिवसांत.

दादा : मग एवढा थयथयाट कशाला? कागद माझ्या नावावर आहेत. उद्या जातो, सोडवून आणतो.

बहीण : आणि मला देशील?

दादा : बघू. थोरल्याला कॉलेजला जायला काहीतरी हवंच आहे.

बहीण : हां, आत्ता पोटातलं ओठावर आलं! वहिनी, ऐकताय ना? अहो, व्यवहार झाला होता आमचा! हे फाटक, जिन्याचा कठडा, खिडक्यांच्या जाळ्या, सगळं मी करून द्यायचं आणि त्या बदल्यात गाडी माझी.

दादा : बहिणीनं भावाच्या घराचं काम केलं. त्याला व्यवहार म्हणतात का? लाज वाटते ऐकायला.

बहीण : वा रे वा! माझी मेहनत ती माया, आणि तुझं भंगार ती मालमत्ता?

दादा : तसं असेल तर ने उपटून फाटक.

बहीण : नेलं असतं! पण आरटीओ ऑफिसातला कारकून म्हणाला, भाऊ सही करत नसेल तर साक्षीदाराचा जबाब लिहून आणा, साहेब सुनावणी घेतील.

दादा : आण की साक्षीदार. बोलणं झालं तेव्हा आपण दोघंच होतो.

वहिनी : तिघं होतो.

दादा : तू मध्ये पडू नकोस.

वहिनी : मी दोरीवर कपडे वाळत घालत होते. तुम्ही म्हणालात, "फाटक कर आणि हे धूड कायमचं घेऊन जा, कागदाचं नंतर बघू." कायमचं म्हणालात. मला बरं वाटलं होतं तेव्हा, अंगण मोकळं होणार म्हणून.

दादा : आपल्याच पोराच्या तोंडचं काढून हिला देतेस?

वहिनी : पोराला बस आहे. हिला काय आहे? (ओले हात पदराला पुसत) वन्सं, तो जबाबाचा कागद आणा इकडे. मी सांगते तसं लिहा.

बहीण : वहिनी, तुम्हाला याच घरात राहायचंय. नीट विचार करा.

वहिनी : लिहा तुम्ही.

दादा : नवऱ्याच्या विरोधात सही करणार तू?

वहिनी : मी ऐकलं त्याच्याखाली करतेय.

दादा : थांब. थांब म्हणतो ना! कुठाय तो फॉर्म? आण इकडे, करतो मी.

वहिनी : करा. माझी झाली.