बारा हजार किलोमीटरवरचा बुधवार

हॅलो?… हॅलो? कोण, अराबा? बोल गं बाई… इथं दुपारचे दोन. म्हणजे तुमच्याकडे पहाट की! एवढ्या लवकर उठलीस? बाळ बरंय ना? माझा एको दूध पितो ना नीट?

काय? आज?… आज कसलं बारसं? अगं, आपल्यात बारसं आठव्या दिवशी, आणि आठवा दिवस उद्या! बोटांवर मोजलाय मी. गुरुवारी पहाटे चारला जावयाचा, फीफीचा फोन आला. तो हसत होता आणि मागं बाळ रडत होतं, या कानांनी ऐकलं मी. उद्यासाठी खुर्च्या सांगितल्यात, अख्ख्या गल्लीला आमंत्रण दिलंय… काय? परत बोल.

तिकडे तेव्हा बुधवारची रात्र होती?… आठ वाजलेले?

म्हणजे बाळ बुधवारचं. गुरुवारचा एको नाही, बुधवारचा क्वेकू.

…नाही, रागावले नाही. नाही म्हटलं ना! पण तुझे बाबा गुरुवारचे होते गं. नातवाला त्यांचा वार मिळाला, त्यांचं एको नाव मिळालं, म्हणून आठवडाभर नाचत होते मी. आता ती शेजारची मान्सा हसून हसून लोळेल.

दोन्ही नावं? छे, छे! ज्याचा जो वार त्याचं ते नाव, त्यात घासाघीस नाही चालत.

…नकाशा? हो, आहे की भिंतीवर. कडा वाळवीनं खाल्ल्यात… हो, हो, अंतर मोजायला बाबा माझ्याच शिवणाच्या डब्यातला दोरा घ्यायचे. विमानतळाच्या मनोऱ्यावरची ड्यूटी संपवून आले की बूटसुद्धा न काढता नकाशापुढे उभे! आणि तू खुर्चीवर चढून आपल्या आक्रावर दोऱ्याचं टोक धरायचीस. लंडन पाच हजार किलोमीटर… एकदा तू व्हँकुव्हरवर बोट ठेवलंस, आठवतं? 'बाप रे, जवळजवळ बारा हजार! तिथं कोण मरायला जातंय?' म्हणाले. किती हसलो होतो तिघं…

रडतेय मी, मग? रडू नको? ही पायातली गुठळी नसती ना, तर डॉक्टरच्या नाकावर टिच्चून आले असते विमानात बसून.

…अगं ऐक ना. बाबा म्हणायचे, विमान कुठूनही सुटू दे, उतरलं की तिथलं घड्याळ लावायचं. तुझं पोर व्हँकुव्हरला उतरलंय. बुधवार तर बुधवार… अगं खरंच. मान्साला काय सांगायचं ते मी बघते.

बरं, बारशात बाळाच्या जिभेवर पाण्याचा नि दारूचा थेंब कोण लावणार? फीफीचा मित्र? वय किती त्याचं?… तीस! शाबास! घरचं मोठं माणूस जिवंत असताना? ते काही नाही. फीफीला म्हणावं, पाण्यात बोट बुडव. फोन बाळाच्या कानाशी धर. आणि मध्ये बोलू नकोस.

…क्वेकू? मी आजी. पाणी असलं तर पाणीच म्हण हं, बाळा.

…लावलं? आता दारू. थेंबच रे फीफी, थेंब!… क्वेकू, दारू असली तर दारूच म्हण. आणि बुधवार असला तर बुधवारच म्हण. आजीसारखं मनाला येईल ते सांगत फिरू नकोस.

…रडतोय? रडू दे. नको, नको, फोन घेऊ नकोस अराबा, राहू दे त्याच्याजवळ. मी ऐकतेय…

…

हॅलो?… हॅलो? फोन कटला, का झोपलास, क्वेकू?