अनशापोटीची गोळी

नका ताई, सुई नका काढू अजून — बसा ना जरा, हे बाथरूममदी हाईत, येतील बाहेर. लॅबवाले कशाकशासाठी रगत नेणार तेवढं सांगा मना. लिव्हरचं, बरं. साखर, बरं. आणि थायरॉइड — थायरॉइड बी? अगं बाई! गेल्या टायमाला तर नव्हतं ना ते? डॉक्टरांनीच लिवलं? म्हंजे त्यांना डाऊट आला. येणारच ना, यांचं तोंड बघाल तर कसं सुजलंय! मे महिना हाय, पनवेल नुसतं भाजतंय, न् ह्यो माणूस स्वेटर घालून बसतो. कळंबोलीच्या लोखंड बाजारात यांनी एक हाक मारली तर पलीकडच्या गल्लीतला ड्रायव्हर धावत यायचा — आता पाणी मागायचं तरी जीभ जड. पोरगा रडतो, म्हणतो आई, कॅन्सर डोक्यात गेला.

डोक्यात नाय गेला हो, ताई. — हळू, हळू बोला.

आमची अंकिता हाय ना, माझ्या भावाची पोर, खारघरला कॉलेजात कॅन्सरचंच शिकते. ती यांना बघायला आली, न् जेवताना बोलली — आत्या, थायरॉइडचं हार्मोन लिव्हरच्या कॅन्सरला पसरायला मदत करतं, असं काही जणांना संशोधनात दिसलंय. पुढं बी बोलली कायतरी — काहींना उलटंच दिसलंय, अजून उंदरांवरच चाललंय, गोळी मात्र बंद करायची नाय बरं का — पण मना ते मागनं आठवलं, खरंच सांगते. तेव्हा डोक्यात एकच, की रोज सकाळी अनशापोटी मीच माझ्या हातानं त्या गाठीला खाऊ घालते! इतकी वर्षं थायरॉइडची गोळी घेतात, एक दिवस चुकवली नाय. मग काय करणार, तुमी काय केलं असतं? डॉक्टरला विचारायचं? तो मान वर करून बघतो तरी का? मी होमिओपॅथीच्या दुकानातनं बाराक्षाराच्या गोळ्या आणल्या. तशाच पांढऱ्या, तशाच चपट्या. त्याच बाटलीत भरल्या, न् तेव्हापासनं हे असे सुजत चाललेत. हे म्हणाले, गोड लागते गं गोळी. म्हटलं, कंपनी बदलली. हसले. विश्वास हो, दुसरं काय.

खऱ्या कुठं? हाईत ना! तांदळाच्या डब्यात हाईत. फेकायची हिंमत झाली नाय माझी.

ताई, माझं रगत घ्या. हा घ्या हात. नळीवर काशीराम घरत लिवा, कोणाला कळतंय? — नाय? नोकरी जाईल? बरोबर हाय, बरोबर हाय… पण रिपोर्ट येईल, पोरगा वाचंल, न् मंग माझ्याकडं बघंल — आले, आले हे. अवो, इथं बसा. ताईंना हात द्या. घाबरू नका, मी हाय ना.

झालं? एवढंच? अवो, तुमी गॅलरीत उन्हात बसा. हो, आणते गोळी, आणते ना.

ताई, जाऊ नका. इकडं ओट्यापाशी या. ही बघा, ही खरी. न् ही बाराक्षाराची. खरी दिली न् ते पसरलं, तर मी मारलं. नाय दिली तर — बघितलंत ना आत्ता, हात उचलायला किती वेळ लागला — ते बी मीच केलं. लय भीती वाटते हो मना. तुमी रोज आजारी माणसं बघता, तुमी सांगा, कुठली देऊ? — डॉक्टरला फोन? आत्ता? काय सांगू त्यांना, माझ्याच तोंडानं? — तुमी लावता? नका. नका ताई, पाया पडते. पोराला कळंल, अख्ख्या गावाला कळंल, नवऱ्याला हिनं… ठेवा तो फोन. ठेवा म्हटलं ना! जावा तुमी. दुसरी घरं असतील तुमाला. दार ओढून घ्या जाताना.

— आले हो, आले! गोळी ना? संपली वाटतं. चहा घ्या आज, गरम हाय.