वहिनीच्या चालीच्या पायऱ्या

आमच्या पनवेलच्या घराच्या पायऱ्या तुम्ही सगळे असे डुलत का चढता, माहितीये? वहिनीला सातवा महिना होता, तेव्हा ती अंगणाच्या उतारावर घसरता घसरता वाचली. दादाने दुसऱ्याच दिवशी दगड आणले. खालच्या दगडाच्या मागच्या कडेवर दादा वरचा दगड नुसता ठेवायचा आणि म्हणायचा, "आता चढून बघ." वहिनी कमरेवर हात ठेवून डुलत वर यायची. तिला जरा धाप लागली, की तो दगड काढून आणखी बुटका लावायचा.

गवंडी वैतागला. "दादा, एवढी बुटकी पायरी कोण बांधत नाय."

"तिला जमेल तेवढीच बांधायची."

तेव्हा वहिनीच्या पोटात असलेला पुतण्या आता शाळेत जातो. परवा तातडीची तार घेऊन पोस्टमन आला. फाटकापर्यंत धावत आला. पायऱ्यांवर मात्र डुलत, सावकाश, एक हात कमरेवर!